न घेतलेल्या घरात कोण राहते?

मुलाला महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तेथील एखाद्या बँकेत, शाळेत, इस्पितळात नोकरी लागते. दोनतीन वर्षे भाड्याच्या खोलीत निघतात, लग्न ठरते आणि घर घेण्याचा विषय निघतो. त्या वेळी वडीलधाऱ्यांचे उत्तर बहुधा तयारच असते : 'महाडात राहा, पण पैसा तेथे घालू नका. दर दोन पावसाळ्यांनी बुडणारे गाव ते. घर घ्यायचे तर पनवेलला घ्या, बदलापूरला घ्या. निदान पाण्याबाहेर घ्या.' हा सल्ला देणारी माणसे भली असतात. आयुष्यभराची पुंजी चिखलात जाऊ नये, नातवंडे सुखरूप असावीत, एवढीच त्यांची इच्छा असते. तरीही हा सल्ला अर्धाच आहे, आणि अर्धा राहिल्यामुळे अन्यायकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते येथे आडपडदा न ठेवता मांडीत आहोत.

या सल्ल्यात जे खरे आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुराजवळून वाहत महाडला येते. महाडला तिला गांधारी मिळते, पुढे दासगावच्या बाजूस काळ नदी मिळते आणि हे सारे पाणी बाणकोटच्या खाडीने समुद्राकडे जाते. भरतीचा जोर महाडपर्यंत जाणवतो. म्हणजे वरून महाबळेश्वरचा पाऊस आणि खालून समुद्राची भरती, अशा दोन दारांच्या मध्ये हे गाव वसले आहे. एके काळी याच पाण्याने महाडला बंदर दिले, बाजारपेठ दिली, पैसा दिला. नदीकाठी वसण्यात त्या पूर्वजांचे काही चुकले नव्हते. मात्र नदीने जे दिले त्याचा हिशेब ती अधूनमधून मागते.

जुलै २००५ मध्ये महाड बुडाले आणि त्याच पावसात तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते व रोहण या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड व पोलादपूर यांच्या दरम्यानचा, १९२८ साली बांधलेला, सावित्रीवरचा दगडी पूल वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी महाडच्या काजळपुरा भागातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महाडचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर येऊन ऐंशीहून अधिक जीव गेले. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडींनी माणसे गाडली. सोळा वर्षांत एवढे सोसलेल्या मुलुखाबद्दल कोणी सावध बोलत असेल, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. 'तेथे घर घेऊ नका' असे सांगणारा माणूस एक प्रश्न विचारीतच नाही : आपण जे घर घेतले नाही, त्यात कोण राहते?

घर न घेतले म्हणून ते घर नाहीसे होत नाही. पूर ओसरल्यावर ज्याच्याकडे पैसा असतो तो भिंती रंगवतो, घर विकतो किंवा भाड्याने देतो आणि उंचावर जातो. भाव उतरलेली ती जागा मग ज्याला त्याहून बरे काही परवडत नाही त्याच्या वाट्याला येते. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला कामगार, भाजीची हातगाडी लावणारी विधवा, परप्रांतातून आलेले गवंडी, पोलादपूरच्या डोंगराखालची वाडी दरडीच्या भीतीने सोडून मुलांच्या शिक्षणासाठी खाली उतरलेले कुटुंब. दरडीच्या भीतीतून निघायचे आणि पुराच्या भीतीत बिऱ्हाड मांडायचे, आगीतून फुफाट्यात, असे त्यांचे होते. आपण शहाणपणाने जो धोका टाळला, तो धोका संपलेला नसतो. तो फक्त आपल्याहून दुबळ्या माणसाच्या दाराशी नेऊन ठेवलेला असतो. आणि पुढच्या पुरात त्याची भांडीकुंडी वाहून गेलेली वर्तमानपत्रात पाहिली की आपण हळहळतो, चादरी व तांदूळ गोळा करून पाठवतो. मदत पाठवणे चांगलेच आहे. पण जी माणसे बुडाली ती तेथे का होती, याचा विचार चादरीच्या गठ्ठ्याखाली दडपून टाकू नये.

दुसरेही एक नुकसान होते. महाड हे मोठे शहर नव्हे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम २७ हजारांच्या घरात होती. एवढ्या गावातून शिक्षक, डॉक्टर, अभियंता, बँकेतला अधिकारी यांनी संध्याकाळी पाठ फिरवली, तर नगरपालिकेच्या दारात निवेदन घेऊन उभे राहणार कोण? नकाशा वाचणारा, माहितीचा अधिकार वापरणारा, अभियंत्याच्या अहवालातील खोच ओळखणारा माणूस त्या वस्तीत राहिलाच नाही, तर वस्तीच्या वतीने भांडणारा कोणी उरत नाही. आणि जेथे भांडणारा नसतो तेथे गाळ साचतो. नदीतही आणि कचेरीतही.

आता नाण्याची दुसरी बाजू. 'घ्या, बेलाशक घ्या, भाव पडलेला आहे तोवर घ्या' असे सांगणारे दलालही कमी नाहीत. पूर आला की यांना संधी दिसते. मुंबईत राहून महाडात दोनचार तळमजले स्वस्तात घ्यायचे, कामगारांना भाड्याने द्यायचे, आणि पावसाळ्यात फोन करून 'पाणी आले का?' एवढे विचारायचे, हा व्यवहार कायद्याने गुन्हा नसेल. परंतु आम्ही त्याला घर घेणे म्हणणार नाही. जो मालक त्या छपराखाली एक रात्र काढणार नाही, त्याने घर घेतलेले नसते, दुसऱ्याच्या नाइलाजावरचे व्याज घेतलेले असते. भित्रा सल्लागार आणि लोभी दलाल एकमेकांविरुद्ध बोलतात असे वाटते. प्रत्यक्षात दोघांच्या बोलण्याचा शेवट एकच होतो : तळमजल्यावर गरीब.

येथे कोणी म्हणेल, 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत ना?' ऐकत आलो आहोत खरे. पण नीट ऐकलेली दिसत नाही. शुभवर्तमानातील त्या गोष्टीत वाळूवर घर बांधणारा आणि त्या घरात राहणारा एकच आहे. पूर येतो तो त्याच्याच घरावर येतो. 'घर पाहावे बांधून' ही आपली म्हणही त्याच काळातली, बांधणाऱ्याने राहायचे अशा काळातली. आज बांधणारा वाळूवर बांधतो, विकतो आणि खडकावर राहावयास जातो. मग वाळू ओळखण्याची जबाबदारी राहणाऱ्यावर टाकून मोकळे होणे हा कुठला न्याय? स्लॅबच्या आत सळ्या किती जाडीच्या आहेत, कॉलममध्ये सिमेंट किती आणि पाणी किती, हे कोणत्या गिऱ्हाइकाला कोणत्या डोळ्यांनी दिसते?

तारिक गार्डनचेच पाहा. ती इमारत कोणा राजाच्या काळातली नव्हती. कोसळली तेव्हा तिला दहा वर्षांच्या आतबाहेरच झाली होती. दुर्घटनेनंतर बिल्डर, वास्तुविशारद, बांधकामाचा सल्लागार व नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. म्हणजे घर घेणाऱ्याने ज्यांच्या सहीशिक्क्यावर विश्वास ठेवला, त्यांच्याकडेच पोलिसांना बोट दाखवावे लागले. आणि ही गोष्ट महाडपुरती नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याला बांधकाम चालू असलेली इमारत पडून ७४ माणसे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. ज्या वसई-विरारला सुरक्षित मानून आपण महाडच्या मुलाला बोलावतो, तेथेही भिंतीआडचे कोणाला दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? राज्याच्या १९६३ च्या सदनिका कायद्यात बांधकामातील दोषाची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून तीन वर्षे होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, ती पाच वर्षांवर नेली. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण १ मे २०१७ पासून सुरू झाले. त्यापूर्वी पुरी झालेल्या इमारती त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि लहान भूखंडावरील आठपर्यंत सदनिकांच्या इमारतींना नोंदणीतून सूट मिळाली. दुसऱ्या टोकाला, नगरपालिका कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती आहे ती तीस वर्षांवरील इमारतींना. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीची तरतूद आहे. पण त्यासाठी आधी संस्था नोंदलेली हवी. तेव्हा हिशेब असा झाला : पाचव्या वर्षी बिल्डर सुटतो आणि पंधराव्या किंवा तिसाव्या वर्षी तपासनीस येतो. मधल्या काळात इमारतीचा जामीन कोणीच नाही. दहाव्या वर्षाच्या आसपास पडलेली तारिक गार्डन नेमकी याच पोकळीत पडली. अशा वेळी 'नीट पाहून घ्यायचे होते' हे बोल मेलेल्या माणसाला लावणे क्रूरपणाचे आहे.

मग करता येण्यासारखे काही नाही काय? 'आपल्या देशात असेच चालायचे' हे वाक्य आम्हांला मान्य नाही, आणि त्याचे कारणही महाडजवळच आहे. सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हा महामार्ग अडला, साऱ्या देशाचे लक्ष गेले, आणि नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. हेच सरकार, हीच नदी, हाच पाऊस. तळीयेच्या दरडग्रस्तांना मात्र एकाहून अधिक पावसाळे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत काढावे लागले. मोटारींचा रस्ता १६५ दिवस थांबू शकला नाही. माणसांचे घर वर्षानुवर्षे थांबू शकले. पैसा, यंत्रे, अभियंते यांची उणीव नव्हती. रस्ता सर्वांचा असतो म्हणून त्यासाठी सारे ओरडतात. घर ज्याचे त्याचे असते म्हणून ज्याने त्याने रडावे, हीच आपली समजूत नडली.

घराचा निर्णय एकेकट्याचा मानला की तो फक्त पळण्याचा किंवा अडकण्याचा निर्णय होतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हालमेयर नावाचे सुमारे ९०० वस्तीचे गाव मिसिसिपीच्या १९९३ च्या महापुरात बुडाले. गावकऱ्यांनी बसून विचार केला आणि सरकारी साहाय्याने जवळच्या उंच कड्यावर नवे गाव वसवले. सगळेच वर गेले नाहीत. पण गाव म्हणून निर्णय झाला. पैसेवाले वर आणि उरलेले खाली अशी आपोआप वाटणी झाली नाही. महाड उचलून डोंगरावर न्यावे असे आम्ही सुचवीत नाही. सभोवतालच्या डोंगरांचा भरवसा काय आहे हे तळीयेने दाखवले आहे. आम्ही एवढेच म्हणतो की राहायचे तरी मिळून ठरवावे आणि हलायचे तरी मिळून.

महाडला हे नव्याने शिकवण्याचे कारण नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करणारा ठराव केला होता. तो ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचा प्रचंड जनसमुदाय चवदार तळ्यावर चालत गेला तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयातही तो हक्क टिकला. पाण्यावर हक्क कोणाचा हे ज्या गावाने देशाला दाखवले, त्या गावात पाण्यापासून सुटका कोणाची हा प्रश्न ज्याच्या त्याच्या पाकिटावर सोडून द्यावा काय? ठराव आजही आहेत. राज्यात नद्यांच्या पूररेषा आखण्याचे नियम आहेत : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, निळ्या रेषेच्या आत बांधू नये, दोहोंच्या मध्ये बांधले तर उंची राखून बांधावे. पण या रेषा कचेरीतल्या नकाशावर असतात. सदनिकेच्या करारनाम्यात त्या का नसाव्यात? जो बिल्डर पोहण्याच्या तलावाचे चित्र पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापतो, त्याने २०२१ चे पाणी या भिंतीवर कोठवर आले होते ते शेवटच्या पानावर तरी छापावे. सावित्री-गांधारीतील गाळ आणि बेटे काढण्याचे काम २०२१ च्या पुरानंतर हाती घेतले गेले. ते दरवर्षीचे काम आहे, एखाद्या मंत्र्याच्या भेटीचे नव्हे. दासगावजवळ रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबते, ही महाडकरांची जुनी तक्रार आहे; तिचा निकाल लागेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे. आणि हे विचारील कोण? तेथे ज्याचे घर आहे तोच.

'पण तत्त्वासाठी आपली लेकरे पुरात घालावी काय?' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. नाही, घालू नयेत. ज्या घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे, तान्हे मूल आहे, त्यांनी तळमजला घेऊ नये. आम्ही सांगितले तरी घेऊ नये. निळ्या रेषेच्या आतले कोणतेही घर कोणीही घेऊ नये, फुकट मिळाले तरी. परंतु ज्याची भाकरी महाडात आहे, ज्याची मुले महाडच्या शाळेत आहेत, त्याने साऱ्या गावावरच काट मारून शंभर किलोमीटर दूर घर घ्यावे, हप्ते तेथे भरावेत आणि स्वतः येथे पाहुण्यासारखे राहावे, हेही शहाणपण नव्हे. त्याने पूररेषेचा नकाशा मागावा. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः वाचावे. बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत भक्कम ठरली असे समजू नये. बँक मुख्यतः मालकी आणि किंमत पाहते. शेजारच्या चार कुटुंबांनी मिळून स्वतंत्र अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. एकट्याला जड जाणारा खर्च चौघांत हलका होतो. गृहसंस्था नोंदवावी आणि जमीन तिच्या नावे करून घ्यावी. बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्यात आहे. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तीत पूर आणि दरड दोन्हींचा समावेश आहे, ती घ्यावी. एवढे जुळले तर महाडात घर जरूर घ्यावे, आणि त्यात राहावे. एवढे जुळत नसेल तर घेऊ नये. पण तेथेच थांबू नये. का जुळत नाही, हे नगरपालिकेला लेखी विचारावे. तुम्ही विचारलेला तो प्रश्न तुमच्यामागून त्या घराकडे येणाऱ्या गरिबाचे रक्षण करील.

आणि ज्यांची घरे तेथे आधीपासून आहेत, त्यांच्यासाठी एकच कसोटी आम्हांला सुचते. ज्या खोलीत तुम्ही जुलैच्या रात्री आपल्या म्हाताऱ्या आईचे अंथरूण घालणार नाही, ती खोली जुलैत कोणालाही निजावयास भाड्याने देऊ नका. तेथे दुकान असू द्या, वाहने असू द्या, रिकामी जागा असू द्या. भाडे बुडेल, बुडू द्या. भाडे बुडालेले भरून काढता येते.

दरवर्षी मे महिन्यात आपल्याकडे लग्ने होतात, नवी जोडपी घरे शोधू लागतात आणि वडीलधारी सल्ले देतात. या वर्षी तो सल्ला देताना 'तेथे घर घेऊ नको' एवढ्यावर वाक्य तोडू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. 'घेण्याजोगे घर तेथे का नाही, ते विचारून ये' असे पुढचे वाक्य जोडावे. मुलगा कचेरीतून रिकाम्या हातांनी परतला, तर दुसऱ्या खेपेस आपणही त्याच्याबरोबर जावे.